तारेत अडकलेल्या घोडीचा पाय सुजला आहे: आधी सूज कसली ते पाहा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सात वर्षांची वरातीची घोडी. चार दिवसांपूर्वी रात्री खुंट्यावरून सुटली, शेजारच्या वावरात शिरली आणि रोही-डुकरांसाठी लावलेल्या काटेरी तारेत तिचा मागचा उजवा पाय अडकला. जखम बोटाच्या पेराएवढीच, मागच्या पायाच्या मोठ्या सांध्याच्या जरा खाली, बाहेरच्या अंगाला. तुम्ही हळद-चुना भरला. गावातल्या औषधवाल्याने एक इंजेक्शन दिलं आणि लंगडणं जवळजवळ थांबलं. तिसऱ्या दिवसापासून मात्र सूज चढत गेली, आणि आता खुरापासून सांध्याच्या वरपर्यंत पाय खांबासारखा झाला आहे. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या: शेकायचं की बर्फ लावायचा, फिरवायचं की बांधून ठेवायचं, आणि आठ दिवसांनी लग्नाची सुपारी घेतली आहे, तोवर पाय उतरेल का.

या तिन्हींचं उत्तर एका चौथ्या प्रश्नावर अवलंबून आहे: ही सूज कसली? मुका मार लागल्याची सूज, कातडीखाली जंतू पसरल्याची सूज, सांध्यात पू होत असल्याची सूज आणि शिरेला (स्नायुबंधाला) ताण बसल्याची सूज दुरून सारख्याच दिसतात. एकीला चालवणं हे औषध आहे, दुसरीला तेच चालवणं घातक. म्हणून बर्फ की शेक हे सांगण्याआधी तुमच्याकडून थोडी तपासणी करून घेतो. मी सव्वीस वर्षं यवतमाळ-वर्धा पट्ट्यात जनावरांचा डॉक्टर म्हणून काम केलं. बैल, गाई, बकऱ्या रोजच्याच. घोडे त्या मानाने कमी, पण वरातीच्या घोड्या आणि धनगरांची तट्टं दर हंगामात यायची, आणि त्यातली निम्मी पायासाठीच यायची.

घोड्याचा पाय सुजला की उतरायला इतका वेळ का लागतो, ते आधी सांगतो. पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली आणि मागच्या पायाच्या मोठ्या सांध्याखाली घोड्याला मांस जवळजवळ नसतंच. कातडी, शिरा, नळीचं हाड, बस. आपल्या पोटरीचं मांस हलताना रक्त वर ढकलतं. घोड्याच्या पायात ते काम बरंचसं खुरावर पडतं. टाप जमिनीवर दाबली जाते, सुटते, आणि त्या दाबाने रक्त वर सरकतं. घोडी एका जागी उभी राहिली की हे बंद पडतं आणि पाणी खाली साचतं. जखमेची सूज आणि उभं राहिल्याची सूज अशा एकात एक मिसळतात. शिवाय तिथे मांसाची गादी नसल्याने लहानसा काटाही थेट सांध्यापर्यंत किंवा शिरेच्या वेष्टणापर्यंत पोचतो. बैलाच्या मांडीत तेवढीच तार घुसली असती तर मी इतका घाबरलो नसतो.

आता तपासणी. पहिलं, ती पाय टेकते का? गोठ्यातून बाहेर काढून कडक जमिनीवर दहा पावलं चालवा, त्याहून जास्त नको. खुराचं फक्त टोक टेकवत असेल किंवा पाय हवेतच धरत असेल, तर हाड मोडलेलं असू शकतं, सांध्यात पू असू शकतो, खुरातही पू असू शकतो. अशा वेळी आणखी चालवून बघू नका, तिथेच थांबवून डॉक्टर बोलवा. दुसरं, ताप. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, त्याला दोरा बांधा, टोकाला थोडं खोबरेल लावा. घोडीच्या मागे नाही, कुशीला अंग टेकवून उभे राहा, शेपूट बाजूला धरा आणि गुदद्वारात लावा. निरोगी घोड्याचं तापमान ९९.५ ते १०१.३ फॅरनहाइटच्या मधे असतं. १०२ च्या वर गेलं तर जंतू पसरल्याचा संशय धरायचा. सकाळ-संध्याकाळ सावलीतच मोजा, दुपारच्या उन्हातून आणलेल्या घोडीचा आकडा खरा नसतो. जबड्याच्या हाडाखाली नाडी लागते. शांत उभ्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४. ती ६० वर असेल तर वेदना किंवा ताप दोन्हीपैकी काहीतरी आहेच.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. ताप आणि लंगडणं इंजेक्शनाचा असर उतरल्यावर पाहायचं. दुखणं कमी करणाऱ्या औषधाने तापही उतरतो आणि पायही टेकवला जातो, पण आतलं दुखणं तसंच राहतं. तुमची घोडी पहिले दोन दिवस बरी चालली, हे मला दिलासा देणारं वाटत नाही. औषधवाल्याने दिलेल्या इंजेक्शनाची रिकामी बाटली कचऱ्यातून शोधून काढा, डॉक्टर आले की त्यांना दाखवा. त्यावर डेक्सा लिहिलेलं असेल तर ते तर आवर्जून सांगा. ते स्टेरॉइड आहे. सूज झटकन उतरवतं, पण जंतूंशी लढणारी अंगातली ताकदही दाबतं, आणि घोड्यांत त्याने खुराची सूज येण्याचा धोका वाढतो. घोडी गाभण असेल तर प्रश्न आणखी मोठा.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: जखम सांध्यापासून किती दूर आहे आणि तिच्यातून काय वाहतंय? हे मी एवढ्या जोर देऊन का सांगतो, त्यामागे माझी एक चूक आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी एक तट्टू आलं होतं. तुरीच्या कापणीनंतर वावरात उभे राहतात ना, ते तिरपे छाटलेले टोकदार खुंट, त्यातला एक खुराच्या वरच्या सांध्याजवळ घुसलेला. छिद्र हरभऱ्याच्या दाण्याएवढं. खालच्या केसांवर पिवळसर चिकट पाणी वाळलेलं. मी बोटांनी ते चोळून पाहिलं, बोटं फाकवली तर मधे बारीक तार सुटली. ताज्या जखमेतून लस वाहते, तशीच ही असेल असं मला वाटलं. मी जखम धुतली, प्रतिजैविक आणि दुखण्याचं इंजेक्शन तीन दिवस दिलं. तट्टू छान चालायला लागलं. मालक खूश, मीही समाधानी. सहाव्या दिवशी निरोप आला, “डॉक्टरसाहेब, पाय टेकतच नाही ना जी, नुसता थरथरते.” गेलो तर सांधा आंब्यासारखा टणक फुगलेला, छिद्र बंद झालेलं, आणि जनावर घामाने ओलं. ते चिकट पाणी लस नव्हतं, ते सांध्यातलं वंगण होतं. छिद्र उघडं होतं तोवर आतला दाब वाहून जात होता, म्हणून ते चालत होतं. छिद्र मिटलं आणि आत पू कोंडला. टेम्पोत घालून नागपूरला नेलं, तिथे सांधा धुतला. जीव वाचला, पण आतली कूर्चा खराब झाली होती. ते तट्टू पुढे कधीच ओझं वाहू शकलं नाही. पहिल्याच दिवशी मी त्या तारेचा अर्थ ओळखला असता, तर त्याचा सांधा बहुधा वाचला असता.

म्हणून तुमच्या घोडीची ती पेराएवढी जखम मला लहान वाटत नाही. सांध्यापासून चार बोटांच्या आत असलेली प्रत्येक जखम, तपासून तसं नाही हे ठरेपर्यंत, सांध्यात गेलेलीच समजायची. डॉक्टर हे कसं तपासतात तेही सांगतो, म्हणजे तुम्हाला आग्रह धरता येईल. ते जखमेपासून दूर, चांगल्या कातडीतून सुई घालून सांध्यात निर्जंतुक सलाईन सोडतात. ते सलाईन जखमेतून बाहेर आलं, तर सांधा उघडा आहे. आतून काढलेलं पाणी गढूळ आणि पातळ असेल तर संसर्ग सुरू झालेला आहे. मग फक्त इंजेक्शनं पुरत नाहीत, सांधा धुवावाच लागतो, आणि त्यात एकेक दिवस मोलाचा असतो. सलाई, काडी किंवा बोट घालून जखम किती खोल आहे हे मात्र तुम्ही पाहू नका. बाहेरची घाण आत जाते, आणि आधी न उघडलेला सांधा आपल्याच हाताने उघडू शकतो.

आता वर्णनावरून माझा अंदाज. एकच मागचा पाय, चार दिवसांनंतर उतरण्याऐवजी चढणारी सूज, खांबासारखा पाय. मुक्या माराची सूज साधारण पहिल्या एक-दोन दिवसांत सगळ्यात जास्त असते, मग हळूहळू उतरते. उलट चढत गेली की मी जंतूंकडे बोट दाखवतो. सगळ्यात जास्त शक्यता कातडीखालच्या संसर्गाची आहे. त्यात पाय गरम लागतो, कातडी ताणून चकचकीत होते, हात लावला की घोडी पाय झटकते, ताप १०३-१०४ पर्यंत जातो, कधी कातडीतून पिवळसर पाणी पाझरतं. याला डॉक्टरांनी निवडलेलं प्रतिजैविक पुरते दिवस लागतं. एक बाटली संपली, सूज अर्धी उतरली, म्हणून थांबायचं नाही. अर्धवट सोडलेल्या पायाला पुढच्या वर्षी पुन्हा सूज येते आणि मग तो पाय कायमचा जाड राहतो. सांध्याची शक्यता दुसरी, पण ती आधी नाकारायची. हाडाची बारीक भेग ही तिसरी. आठवडाभरात लंगडणं कमी झालं नाही तर एक्स-रे काढा.

बाकी शक्यता थोडक्यात. दोन्ही मागचे पाय सारखेच सुजले असतील, थंड असतील, अंगठ्याने दहा सेकंद दाबल्यावर खड्डा राहत असेल आणि थोडं फिरवल्यावर उतरत असेल, तर ती नुसती उभं राहिल्याची सूज. नळीच्या मागच्या बाजूला धनुष्यासारखा फुगवटा असेल तर शीर ताणलेली आहे, आणि त्याला आठ दिवस नाही, नऊ महिने ते वर्ष लागतं. खुराच्या वर दोन्ही बाजूंना बोट ठेवल्यावर नाडी ठणठण उडत असेल आणि खूर गरम असेल, तर नाल काढून खुरात खिळा, काटा किंवा पू आहे का ते नालबंदाकडून नाही, डॉक्टरांकडून पाहून घ्या.

एका आजाराकडे मात्र दुर्लक्ष नको. मांडीच्या आतल्या बाजूने एका ओळीत गाठी उठल्या असतील, त्या फुटून तेलकट, मधासारखा स्राव येत असेल, नाकातूनही शेंबूड येत असेल, तर हात लावणं थांबवा. तो ग्लँडर्स असू शकतो. तो माणसालाही होतो, आणि सरकारला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. अशा घोड्याचं रक्त सरकारी दवाखान्यामार्फत तपासायला पाठवतात. तुमच्या घोडीला जखमेनंतर सूज आली, गाठींचा तुम्ही उल्लेख केला नाही, म्हणून मला तो संशय नाही. पण वरातीच्या घोड्या एकाच मंडपात, एकाच टोपल्यात चंदी खातात, तेव्हा हे ठाऊक असलेलं बरं.

आता डॉक्टर येईपर्यंत काय करायचं. सरकारी दवाखान्यात फोन करा, नाहीतर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पथकाची विचारणा करा. “पाय सुजला” एवढंच सांगू नका. “सांध्याजवळ तारेची जखम, चौथा दिवस, सूज वाढते आहे, ताप इतका” असं सांगा. बोलण्यात आकडा असला की समोरचा माणूस गाडी काढतो, हा माझा अनुभव आहे.

जखमेतला हळद-चुना आधी सोडवा. चुना मांस भाजतो आणि वर खपली धरून आत घाण कोंडतो. लिटरभर उकळून थंड केलेल्या पाण्यात दोन लहान चमचे सपाट मीठ घाला आणि वीस मिलीच्या सिरिंजने, सुई न लावता, जखमेवर हलकी धार सोडा. दाब देऊन आत नाही, वरून वाहती धार. तीन-चार लिटर पाणी लागू द्या. शेवटी पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाएवढं पातळ करून ओता. बाटलीतलं तसंच दाट ओतलं तर ते चांगल्या मांसालाही जाळतं. फिनाईल, रॉकेल, मोरचूद, हायड्रोजन पेरॉक्साइड, राख, शेण यातलं काहीही नको. घोड्याच्या पायावरच्या जखमेत मांस कातडीच्या वर कोबीच्या गड्ड्यासारखं वाढतं, ही त्याच्या पायाची खोड आहे. दररोज दाहक औषध लावून आपण ती वाढवतोच.

बिब्याबद्दल स्वतंत्र सांगतो, कारण आपल्याकडे सूज म्हटलं की कोणीतरी बिबा घेऊन येतोच. बिब्याचं तेल कातडी जाळून फोड आणतं. सुजलेल्या, ताणलेल्या कातडीवर ते लावलं की कातडी सोलून निघते आणि जंतूंना नवीन दार मिळतं. तापलेल्या सळईचे डागही तसेच. जुने लोक मनापासून करतात, त्यांना जनावराचं वाईट करायचं नसतं हे मला माहीत आहे. त्यांच्या काळी दुसरं काही हाताशी नव्हतं. पण डाग दिलेल्या पायांची सूज डागाने उतरलेली मी एकदाही पाहिली नाही. उतरली ती त्यानंतर महिनाभर घोड्याला कामाला न लावल्यामुळे. वडीलधाऱ्यांनी आग्रह केला तर त्यांना म्हणा, डॉक्टर येईपर्यंत हात लावू नका, नंतर पाहू.

बर्फ की शेक? पाय गरम असेल तोवर गार. साधारण पहिले तीन दिवस गार, मग शेक, असं सांगतात. पण तुमच्याकडे चौथ्या दिवशीही पाय गरम असेल तर दिवस मोजू नका, हाताने उष्णता पाहा. बोअरचं पाणी आपल्याकडे कोमट येतं, त्याचा उपयोग थोडा. रांजणातलं पाणी जास्त गार असतं. फ्रीज असेल तर पाण्याच्या पिशव्या गोठवा, फडक्यात गुंडाळा आणि पायाला बांधा. कातडीला थेट बर्फ नको. एका वेळी वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. जखमेवरून पाइपाचं पाणी जोरात मारू नका, आणि नंतर पाय पुसून कोरडा करा, नाहीतर खुराच्या वरची कातडी भेगाळते. पाय थंड झाला, खड्डा पडणारी सूजच उरली, ताप गेला, मग कोमट पाण्याचा शेक आणि हलकी मालिश चालते. जंतू पसरत असताना शेक आणि चोळणं दोन्ही नको.

पट्टी बांधायची असेल तर नीट बांधा, नाहीतर बांधू नका. चुकीच्या पट्टीने चांगला पाय खराब होतो. जखमेवर निर्जंतुक गॉज. आपल्या घरी रुईला तोटा नाही, पण ती थेट जखमेवर ठेवू नका, तंतू चिकटतात. रुईचा दोन बोटं जाड, कुठे जाड-कुठे पातळ न ठेवता सारखा थर पातळ धुतलेल्या कापडात शिवून घ्या, तो पायाभोवती सुरकुती न पडता गुंडाळा. त्यावर १५ सेंटिमीटर रुंदीची क्रेप पट्टी, प्रत्येक वेढा आधीच्यावर निम्मा चढेल अशी, खालून वर. समोरून बाहेरच्या अंगाने मागे न्यायची, म्हणजे मागच्या शिरा आतल्या बाजूला ओढल्या जातात. वरच्या काठात एक बोट सहज गेलं पाहिजे. सुतळीने आवळून गाठ मारायची नाही. गाठीखाली करकोचा पडतो आणि तिथली शीर दबते. दिवसातून एकदा पूर्ण सोडा, पाय पाहा, पुन्हा बांधा. तुमच्या घोडीची सूज मोठ्या सांध्याच्या वर गेली आहे, आणि त्या सांध्यावरची पट्टी घसरते आणि मागच्या हाडावर घासते, म्हणून तिथली पहिली पट्टी डॉक्टरांकडून बांधून घ्या आणि बघून शिका. डाव्या पायालाही पट्टी बांधा. दुखरा पाय उचलून धरलेली घोडी सगळा भार त्याच्यावर टाकते, आणि त्या चांगल्या पायाच्या खुराला सूज आली तर मूळ जखमेपेक्षा ते अवघड होतं. त्यासाठी खाली फूटभर मऊ कुटार किंवा वाळू पसरा.

एक साधी युक्ती. सुतळीचा तुकडा घ्या, नळीच्या मधोमध पायाभोवती फिरवा, जिथे टोक भिडतं तिथे गाठ मारा. तीच जागा लक्षात राहावी म्हणून केसांवर कात्रीने बारीक खूण करा. रोज सकाळी त्याच जागी नवी गाठ. गाठ आत सरकते की बाहेर, ते डोळ्यांच्या अंदाजापेक्षा खरं सांगते. मी मालकांना ही सुतळी घेऊनच दवाखान्यात यायला सांगायचो. सात गाठींच्या सुतळीत आठवड्याची सगळी हकिकत असायची.

दुखण्याच्या औषधाचं प्रमाण वजनावर ठरतं, आणि वरातीच्या घोडीचं वजन लोक हमखास चुकीचं सांगतात. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १६०, लांबी १४५ असेल तर साधारण ३१२ किलो. हे माप आधीच काढून ठेवलंत तर डॉक्टरांचं काम सोपं होतं. दोन वेगवेगळी दुखण्याची औषधं एकत्र देऊ नका, घोडी पाणी पीत नसेल तर एकही देऊ नका. त्याने पोटात व्रण पडतात आणि मूत्रपिंड जातं. फ्लुनिक्सिन हे चांगलं औषध आहे, पण घोड्याच्या मांसात टोचलं तर तिथे सडणारा संसर्ग होऊ शकतो. ते डॉक्टरांनी रक्तवाहिनीतच द्यायचं. डायक्लोफिनॅक कोणी देत असेल तर नाही म्हणा. २००६ पासून ते जनावरांसाठी बंद आहे आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन व असिक्लोफिनॅकही बंद झाली. ही औषधं दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर गिधाडं मरतात. आपल्या भागात आता बोटावर मोजण्याइतकीच उरली आहेत. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे आणि घोड्यालाही चालतं.

धनुर्वाताची लस शेवटची केव्हा दिली? तुम्ही लिहिलं नाही, आणि मला हेच सगळ्यात जास्त सलतं आहे. पाळीव जनावरांत घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो, आणि त्याचे जंतू लिदीत, मातीत सगळीकडे असतात. लहान तोंडाची खोल जखम त्यांना हवी तशी जागा. लस झालेली नसेल तर नुसती लस पुरत नाही, कारण ती काम करायला दिवस लागतात. डॉक्टरांना प्रतिविषाबद्दल विचारा, ते लगेच संरक्षण देतं. लक्षणं बहुधा आठवड्यापासून तीन आठवड्यांपर्यंत कधीही दिसतात. रोज सकाळी घोडीच्या हनुवटीखाली हलकी टिचकी मारा. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा झपकन डोळ्यावर सरकला, कान ताठ उभे, शेपूट उचललेली, चालताना लाकडी घोड्यासारखी असेल, तर रात्र असली तरी थांबायचं नाही. गोठा अंधारा करा, ढोल-ताशा-मोटर काही वाजू देऊ नका.

फिरवायचं की बांधायचं? सांधा, हाड आणि शीर यांचा संशय डॉक्टरांनी दूर करेपर्यंत बांधून. पण पिछाडीच्या दोरांनी नाही. त्याच पायाला पुन्हा घासेल. मोरखीने, मोकळ्या जागेत, वळता येईल अशी. कातडीखालचा संसर्गच आहे असं ठरलं आणि ती पाय टेकायला लागली, की मग हाताने धरून दिवसातून पाच-सहा वेळा पाच-पाच मिनिटं मऊ जमिनीवर फिरवणं हेच सूज उतरवतं. चंदी आजपासून कमी करा. उभ्या घोडीला रोजचा हरभरा दिला तर पोट दुखेल किंवा खुराला सूज येईल. ज्वारीचा कडबा, हिरवं गवत, मीठ, आणि ३० ते ४० लिटर पाणी. बादलीतलं किती प्यायली ते रात्री पाहत जा.

आता सुपारी. आठ दिवसांत ही घोडी वरातीला नेता येणार नाही, आणि मी हे अंदाजाने नाही, खात्रीने सांगतो. सगळ्यात हलकी शक्यता धरली, तरी सूज उतरल्यावर दोन आठवडे बिनओझ्याने चालणं, मग हळूहळू काम. डांबरी रस्त्यावर, पाठीवर नवरदेव आणि मांडीवर त्याचा पुतण्या, चार तास डीजेसमोर पाय आपटत उभं राहणं, हे अर्धवट बऱ्या पायाला सोसणार नाही. आजच लग्नघरी फोन करा. आठ दिवस हातात असताना दुसरी घोडी मिळते. आदल्या दिवशी मिळत नाही, आणि मग माणूस दुखण्याचं इंजेक्शन टोचून हीच घोडी उभी करतो. तुमच्या ओळखीत दुसरा घोडीवाला असेल तर सुपारी त्याला द्या आणि पुढच्या तारखेला त्याची तुम्ही घ्या, बहुतेक जण तयार होतात. आणि फोन करण्याच्या आधी ती रिकामी बाटली शोधा, थर्मामीटर आणा, सुतळीला पहिली गाठ मारा.